‘जत्रु’ शब्दाचा अर्थ व त्याची योजना

आयुर्वेदाच्या, धर्मशास्त्राच्या किंवा सामुद्रिकाच्या पोथ्या ज्यांच्या हाताखालून नेहमीं जातात त्यांस ‘जत्रु’ हा शब्द अपरिचित नाहीं, आणि अपरिचित नाहीं म्हणूनच तो धोक्याचा आहे. अगदीं अनोळखी शब्द आला म्हणजे वाचक थबकतो, कोश उघडतो, टीका पाहतो. ओळखीचा शब्द आला म्हणजे मनांतील ठरीव अर्थ घेऊन तो पुढें जातो. ‘जत्रु’ म्हणजे गळ्याखालीं दोन्ही बाजूंस आडवें असणारें हांसळीचें हाड, हा तो ठरीव अर्थ. अमरकोशाच्या वळणावर शिकलेल्या पंडितांनीं तो दिला, कोशकारांनीं उचलला, आणि आधुनिक मराठी परिभाषाकारांनीं ‘जत्रुक’ असें रूप देऊन तो शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोंचविला. हा अर्थ सर्वस्वीं खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. रामायणांत तो चालतो, बृहत्संहितेंत चालतो. पण जेथें हाडांची गणती चालली आहे तेथें तो चालत नाहीं. आणि तेथें तो चालविण्याचा हट्ट धरल्यामुळें एका मोठ्या टीकाकाराचा एक दुसराच शब्द कसा जागेवरून सरकला, तें येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम सर्वांत जुना आधार घेऊं. शतपथब्राह्मणाच्या बाराव्या कांडांत संवत्सरसत्राची पुरुषाच्या शरीराशीं तुलना केलेली आहे. स्तोमांच्या ज्या संख्या यज्ञांत ठरलेल्या, त्या एकेका अवयवावर बसविण्याचा हा प्रयत्न. मान पंधरा, उर सतरा, उदर एकवीस, बरगड्या सत्तावीस, पाठीचा कणा तेहतीस, असा तो क्रम आहे. संख्या आधीं ठरलेली आणि शरीर मागाहून तिच्यांत बसविलेलें, असें कोणी म्हणेल. तथापि बसविणारानें हिशेब तोंडी लावण्यापुरता दिलेला नाहीं. फोड करून दिलेला आहे. उराच्या सतरांची फोड अशी : एका बाजूस आठ जत्रु, दुसऱ्या बाजूस आठ जत्रु, आणि सतरावें खुद्द उर. त्याच ब्राह्मणांत बरगड्यांविषयीं सांगितलें आहे कीं, त्या एका अंगास कीकसांस आणि दुसऱ्या अंगास जत्रूंस जोडलेल्या असतात. कीकस म्हणजे पाठीकडील कण्याचे मणके हें उघड आहे. तेव्हां बरगडीचें पुढील टोंक ज्यास जोडलेलें तें जत्रु. बोकडाचें उर ज्यानें फोडलेलें पाहिलें आहे त्यास हें समजावून सांगावें लागणार नाहीं. बरगडीचें कठीण हाड संपून उरोस्थीपर्यंत जो कोवळा, सुरीनें कापला जाणारा भाग असतो, ज्यास सुश्रुताच्या भाषेंत तरुणास्थि म्हणतां येईल, तोच हा. आजच्या शारीरशास्त्राप्रमाणें उरोस्थीस थेट जाऊन मिळणाऱ्या बरगड्या प्रत्येक बाजूस सात असतात. आठवी सातवीच्या आधारानें जाते, क्वचित् स्वतंत्रपणेंही मिळते. शतपथकारानें आठ मोजले. यज्ञांत पशूचें अंगविच्छेदन नित्य पाहणाऱ्या ऋत्विजांच्या परंपरेंत ही मोजणी झाली, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे तिच्या बारकाईचें नवल वाटत नाहीं.

येथें दोन गोष्टी पक्क्या होतात. वैदिक ‘जत्रु’ एक नव्हे, दोन नव्हेत, सोळा आहेत. आणि ते खांद्यापाशीं नसून छातींत आहेत. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलाच्या पहिल्या सूक्तांत जी ऋचा आहे आणि अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडांतील विवाहसूक्तांत जी पुन्हा आली आहे, तींतही हा शब्द बहुवचनींच आहे. हांसळीचीं हाडें माणसास दोनच. त्यांस बहुवचन लावण्याचें संस्कृतांत प्रयोजन नाहीं, द्विवचन तयार आहे. इतकी साधी व्याकरणाची गोष्टही कोशांतील अर्थ उतरून घेतांना पुष्कळांच्या नजरेआड होते.

आतां चरकसंहितेकडे येऊं. शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायांत तीनशें साठ हाडांची यादी आहे. खांद्याच्या बाजूचीं हाडें सांगतांना तेथें अंस दोन, अंसफलकें दोन, अक्षक दोन, आणि लगेच जत्रु एक, असा क्रम लागतो. पुढें पाठींत पंचेचाळीस, मानेंत पंधरा, उरांत चौदा. ही यादी ज्यानें नुसती वाचली त्यास ‘जत्रु’ हें अक्षकांच्या शेजारीं दिसतें आणि तें त्याच प्रदेशांतील असावें असें वाटतें. वाटणें स्वाभाविक आहे; पण संख्या पाहिली कीं वाटणें संपतें. अक्षक दोन आहेत, जत्रु एक आहे. हांसळीचीं हाडें जर जत्रु, तर तें एक कसें? आणि हांसळीचीं हाडें जत्रु झालीं, तर अक्षक कोणतीं? अंस व अंसफलक हीं स्वतंत्रपणें आधींच सांगून झालीं आहेत, म्हणजे खवाट्याचें हाडही शिल्लक राहत नाहीं. अक्षक हीच हांसळीचीं हाडें, आणि जत्रु हें त्यांहून निराळें, एकटें, शरीराच्या मध्यरेषेवर असणारें कांहीं तरी. चरकाच्या शब्दांतून याहून दुसरा निष्कर्ष निघत नाहीं.

खरी गंमत याज्ञवल्क्यस्मृतींत आहे. प्रायश्चित्ताध्यायाच्या यतिधर्मप्रकरणांत शरीराचें वर्णन येतें. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत हाडें कशाला, असें नवख्या वाचकास वाटतें. पण संन्याशानें देहाची नश्वरता ओळखावी, त्यांत काय काय भरलेलें आहे हें एकेक करून पाहावें, हा त्यांतील हेतु आहे. विष्णुस्मृतीच्या शहाण्णवाव्या अध्यायांतही जवळजवळ हीच गणती आहे; अग्निपुराण व विष्णुधर्मोत्तर यांतही तिचे पडसाद आहेत. एकूण बेरीज चरकाप्रमाणेंच तीनशें साठ. परंतु भागांच्या संख्या मात्र सर्वत्र चरकाच्या नाहींत. मानेचीं पंधरा दोघांचींही सारखीं आहेत. उराचीं हाडें चरकाचीं चौदा, याज्ञवल्क्याचीं सतरा. हे सतरा आले कोठून? शतपथांतून. सोळा जत्रु आणि सतरावें उर, हाच तो हिशेब. स्मृतिकारानें उराची संख्या वैदिक परंपरेंतून जशीच्या तशी घेतली. म्हणजे जुने सोळा जत्रु याज्ञवल्क्याच्या यादींत मोजले गेलेले आहेत, पण नांवाशिवाय, उराच्या पोटांत. आणि ‘जत्रु’ हें नांव त्याच यादींत दुसरीकडे, मान आणि हनुवटी यांच्यामध्यें, पुन्हा येतें.

एकाच यादींत जुनी वस्तु एका ठिकाणीं आणि जुनें नांव दुसऱ्या ठिकाणीं, असें हें दृश्य आहे. शब्दाचा अर्थ एका अवयवावरून दुसऱ्यावर कसा सरकतो याचा इतका स्वच्छ पुरावा आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. जें नांव छातीच्या कोवळ्या हाडांचें होतें तें कालांतरानें वर चढून गळ्याच्या कोवळ्या हाडास लागलें. नरड्यावर बोट ठेवून घोट गिळला असतां जें वरखालीं होतें तेंही तसेंच तरुणास्थि. स्पर्शानें, दाबानें, कापण्यानें दोघांची जात एकच. नांव सरकलें तें याच साम्यामुळें असावें असें आम्हांस वाटतें.

मिताक्षराकार विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) काळचा. न्यायाच्या कामीं ज्याचा शब्द महाराष्ट्रांत शतकानुशतकें प्रमाण मानला गेला, त्याच्या शारीरज्ञानावर टीका करणें धाडसाचें वाटेल. तथापि येथें ती केल्यावांचून गत्यंतर नाहीं. त्यानें जत्रु म्हणजे छाती व खांदा यांचा सांधा असा अर्थ केला आणि प्रत्येक बाजूस एकेक अशी योजना लाविली. अर्थ अमरकोशाच्या वळणाचा आहे. अमरसिंहानें मनुष्यवर्गांत खांद्याचे पर्याय देऊन लगेच त्याच्या दोन सांध्यांस जत्रु म्हटलें, आणि तें द्विवचनांत म्हटलें. लहानपणीं पाठ केलेलें द्विवचन विज्ञानेश्वराच्या कानांत घुमत होतें. त्याप्रमाणें जत्रु दोन झाले आणि हांसळीच्या जागीं जाऊन बसले. मग त्याच यादींतील ‘अक्ष’ या शब्दाचें काय करावें? चरकाचें अक्षक तेंच याज्ञवल्क्याचें अक्ष. पण ती जागा आतां भरलेली! म्हणून मिताक्षरेनें अक्ष उचलून चेहऱ्यावर नेला आणि कान व डोळा यांच्यामध्यें, शंखाच्या खालच्या भागीं त्याची स्थापना केली. पुढें पाश्चात्य कोशकारांनीं ‘अक्ष’ शब्दाखालीं कानशिलाचें हाड हा अर्थ याज्ञवल्क्याच्या नांवावर घातला, तो याच टीकेच्या पुण्याईनें. एका शब्दाचा अर्थ चुकीच्या ठिकाणीं पक्का केला कीं शेजारचा शब्द ढकलला जातो, आणि ढकललेला शब्द जेथें पडतो तेथें नवा अर्थ निर्माण होतो. कोशांतून असले ढकललेले अर्थ पुष्कळ आहेत, शोधणारा पाहिजे.

हा गुंता प्रथम उकलला तो डॉ. होर्नले यांनीं. बॉवर पोथीचे संपादक म्हणून हें नांव पोथीसंग्राहकांस ठाऊक आहेच. त्यांचें प्राचीन हिंदी अस्थिशास्त्रावरील पुस्तक १९०७ सालीं ऑक्सफर्डहून निघालें. चरक, सुश्रुत, भेल, याज्ञवल्क्य, विष्णु, शतपथ, अथर्व, इतक्यांच्या याद्या समोरासमोर मांडून त्यांनीं प्रत्येक नांवाची चौकशी केली. अमरकोशाच्या अर्थानें पुढील टीकाकारांस फसविलें, वैदिक जत्रु म्हणजे बरगड्यांचीं कोवळीं टोंकें, आणि चरकाचें एकटें जत्रु म्हणजे श्वासनलिका, हे त्यांचे निष्कर्ष. पहिले दोन आम्ही निःशंकपणें मान्य करतों. तिसऱ्याची दिशाही बरोबर आहे.

पण होर्नले यांच्या पद्धतीविषयीं आमची एक तक्रार आहे, आणि ती पोथ्या बाळगणारांनीं समजून घेण्याजोगी आहे. जुनी यादी आणि आजचें शारीर यांचा मेळ बसला नाहीं कीं ते यादी भ्रष्ट मानतात आणि मूळची यादी अशी असावी म्हणून नवी रचून देतात. चरकाची यादी त्यांनीं अशीच ‘शुद्ध’ केली आहे. पाठ कोठें तरी भ्रष्ट आहेत हें कोण नाकारील? परंतु शुद्धीची कसोटी पोथी असावयास पाहिजे, विच्छेदनगृह नव्हे. प्राचीन गणकानें कांहीं हाडें दोनदां मोजलीं असतील, दांत व नखें त्यानें हाडांत धरलींच आहेत. त्याची चूक ही त्याची चूक म्हणून जपून ठेवणें हेंच संशोधकाचें काम. चूक सुधारून दिली तर त्या काळीं काय ठाऊक होतें हेंच आपणांस कळेनासें होतें. जत्रूच्या बाबतींत होर्नले यांचा निर्णय टिकतो याचें कारण त्यास शारीराच्या ज्ञानापेक्षां संख्येचा व शब्दक्रमाचा, म्हणजे ग्रंथाचाच, आधार आहे. ‘श्वासनलिका’ इतका नेमका अर्थ मात्र आम्ही घेत नाहीं. चरकाच्या एका शब्दावर एवढें ओझें घालूं नये. गळ्याचा पुढील, नरड्याचा भाग एवढेंच म्हणावें.

सुश्रुताकडे पाहिलें असतां हाच अर्थ अधिक खुलतो. सुश्रुत हा शल्यवैद्यांचा ग्रंथ. प्रेत वाहत्या पाण्यांत पिंजऱ्यांत ठेवून सात रात्रींनंतर कुंच्यांनीं हळूहळू घासून आंतील रचना पाहण्याची रीति त्यांतच सांगितली आहे. त्याच्या गणनेनें हाडें तीनशें : हातापायांत एकशें वीस, धडांत एकशें सतरा, मानेपासून वर त्रेसष्ट. धडाचीं एकशें सतरा कशीं होतात तें पाहा. कटिभागीं पांच, दोन्ही बाजूंच्या बरगड्या आपल्या जोडांसह बहात्तर, पाठींत तीस, उरांत आठ, आणि अक्षक दोन. बेरीज बरोबर जमते. वरच्या त्रेसष्टांत मानेंत नऊ, कंठनाडींत चार, हनुवटींत दोन, दांत बत्तीस, नाकांत तीन, टाळूंत एक, गाल, कान व शंख यांत दोन दोन मिळून सहा, डोक्यांत सहा. हीही बेरीज जमते. या दोन्ही रकान्यांत जत्रु या नांवाचें हाडच नाहीं. चरकानें जेथें जत्रु एक म्हटलें तेथें सुश्रुतानें कंठनाडीचीं चार मोजलीं.

आणि तरीही सुश्रुताच्या ग्रंथांत ‘जत्रु’ शब्दाचा राबता मोठा आहे. शालाक्यतंत्राची व्याख्याच त्यावर उभी आहे : कान, डोळे, तोंड, नाक इत्यादि ठिकाणांच्या ऊर्ध्वजत्रुगत रोगांचें शास्त्र तें शालाक्य. एकशें सात मर्मांपैकीं जत्रूच्या वरचीं मर्मे सदतीस. येथें जत्रु हें हाड नसून सीमा आहे. धड कोठें संपतें आणि मान कोठें सुरू होते ती रेघ. ही रेघ हांसळीवरून काढा किंवा गळ्याच्या मुळावरून काढा, डोळ्याच्या रोगांत त्यानें फरक पडत नाहीं. म्हणूनच वैद्यांच्या व्यवहारांत चुकीचा अर्थ कोणास टोंचला नाहीं आणि तो इतकीं शतकें सुखानें नांदला.

टोंचतो तो उचकीच्या प्रकरणांत. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत उचकीचे पांच प्रकार दिले आहेत. त्यांतील क्षुद्रा नांवाची उचकी जत्रूच्या मुळापासून निघते असें वर्णन आहे. माधवनिदानानेंही तें घेतलें आहे; आणि माधवनिदानाची पोथी नाहीं असें जुनें वैद्यघराणें महाराष्ट्रांत शोधून सांपडावयाचें नाहीं. हांसळीच्या हाडाच्या मुळापासून उचकी निघते असें भाषांतर केलें तर उचकी लागलेला कोणताही मनुष्य हंसेल. ती निघते गळ्याच्या मुळाशीं, नरड्याखालीं. हें ज्यास उचकी लागते त्यास कोशाशिवाय कळतें. ग्रंथकारानें रोग्याकडे पाहून शब्द योजला होता. अर्थ लावणारानें कोशाकडे पाहून तो लाविला तर दोष ग्रंथकाराचा नव्हे.

याच्या उलट काव्यांत व सामुद्रिकांत हांसळीचा अर्थच घ्यावा लागतो, आणि तेथें कंठाचा अर्थ घालणें तितकेंच चुकीचें होईल. वाल्मीकिरामायणाच्या आरंभींच नारदानें रामाचीं जीं लक्षणें सांगितलीं त्यांत ‘गूढजत्रु’ हें एक आहे. सुंदरकांडांत हनुमंत सीतेपुढें रामाचें वर्णन करतो तेथेंही तें पुन्हा येतें. हाडें मांसानें झांकून गेल्यामुळें वर दिसत नाहींत असा पुष्ट देह, असा त्याचा भाव टीकाकारांनीं दिला आहे. सुंदरकांडांत तर त्याच ठिकाणीं शंखासारख्या मानेचें विशेषण निराळें आलें आहे, म्हणजे मानेचा अर्थ तेथें पुनरुक्त होईल. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या पुरुषलक्षणाध्यायांत जत्रूंवरून माणसाचें भाग्य सांगितलें आहे : विषम असले तर स्वभाव वांकडा, हाडें उघडीं दिसत असलीं तर दारिद्र्य, पुष्ट असले तर संपत्ति. हें वर्णन हांसळीच्या हाडांस जितकें लागतें तितकें दुसऱ्या कशास लागत नाहीं. उघडें पडलेलें गळ्याखालचें हाड हें उपासमारीचें चिन्ह आहे, हें सांगण्यास ज्योतिषी लागत नाहीं; पण त्यानें तें नोंदवून ठेवलें हें बरें झालें. मूर्तिकारांनाही हें लक्षण ठाऊक होतें. वेरुळास देवदेवतांच्या मूर्तींचे खांदे व गळे भरीव, एकसंध, हाडाची रेषाही न दाखविणारे आहेत. आणि तेथेंच रामेश्वर लेण्यांत अस्थिपंजररूप काळाची मूर्ति आहे, तींत जें देवांच्या अंगावर लपविलें तें सर्व उघडें करून कोरलें आहे. गूढजत्रु म्हणजे काय हें एका लेण्यांत, चार पावलांच्या अंतरांत, दोन्ही बाजूंनीं समजतें.

लोकांच्या बोलींतील शब्दाकडेही पाहिलें पाहिजे. आमच्याकडे या हाडास हांसळी किंवा हांसडी म्हणतात आणि गळ्यांत घालावयाच्या चांदीच्या कड्यासही हांसळीच म्हणतात. दागिना त्या हाडावर टेकतो म्हणून एकाचें नांव दुसऱ्यास गेलें. संस्कृतांतील ‘अंस’ या शब्दाशीं त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, आणि तो अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. कसेंही असो, ‘जत्रु’ या शब्दाचा तद्भव मराठींत उतरलेला आमच्या ऐकिवांत नाहीं. जो शब्द पंडितांच्या बाहेर कधीं बोलला गेला नाहीं त्याच्या अर्थास बोलीचा लगाम राहत नाहीं. मग टीकाकार नेईल तिकडे तो जातो. बरगडी, नरडें, घांटी, फरा हे शब्द असे भरकटले नाहींत, कारण खाटीक, वैद्य, सोनार आणि आई हे चौघेही ते रोज वापरतात.

पिशोर येथून हें लिहीत असतां या चर्चेशीं आमच्या प्रदेशाचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध बराच आहे. पिशोर हें छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यांतील गांव. याच तालुक्यांत, सातमाळ्याच्या डोंगरांत, पितळखोऱ्याचीं लेणीं आहेत. तेथील ब्राह्मी लिपींतील प्राकृत दानलेखांत वच्छीपुत्र मगिल या राजवैद्याचें नांव आहे. लेखांतील शब्द ‘राजवेज’ असा आहे. त्याची कन्या दत्ता व पुत्र दत्तक यांचींही दानें तेथें कोरलेलीं आहेत. भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनीं १८८१ मध्यें हे लेख प्रसिद्ध केले, आणि मधुसूदन नरहर देशपांडे यांनीं तेथील साफसफाईचा वृत्तांत १९५९ मध्यें दिला. त्याच लेण्यांत सांपडलेल्या यक्षमूर्तीवर ती कण्हदास नांवाच्या सोनारानें घडविल्याचा लेख आहे. आमच्या तालुक्यांत दोन हजार वर्षांमागें वैद्यांचें घराणें राजाश्रयावर होतें इतकें तरी यावरून निश्चित होतें. त्या राजवैद्याच्या हातीं कोणती संहिता होती, त्याच्या तोंडीं जत्रु हा शब्द कोणत्या अर्थानें होता, हें शिला सांगत नाहीं.

पुढें देवगिरीच्या यादवांच्या काळीं तर हा प्रदेश वैद्यकाचें व शारीरचर्चेचें केंद्र झाला. सिंघणाच्या (१२१०–१२४७) आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकराच्या आरंभींच पिंडोत्पत्तीचें प्रकरण घालून देहाचें वर्णन केलें, कारण नाद देहांतून निघतो. हाडांच्या तीनशें साठ व धन्वंतरीच्या मतें तीनशें या दोन्ही संख्या त्यानें नोंदविल्या आहेत. गायनाच्या ग्रंथांत दोन वैद्यकसंप्रदायांचा मतभेद निवडून सांगावा, हें त्या दरबाराच्या व्युत्पन्नतेचें लक्षण होय. महादेव व रामचंद्र यांच्या कारकीर्दींतील हेमाद्रीनें अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. त्याच्याच आश्रयाचा बोपदेव हा केशव वैद्याचा पुत्र. पित्याच्या सिद्धमंत्रावर त्यानें प्रकाश नांवाची टीका केली. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांतील नस्यविधीचा विसावा अध्याय ऊर्ध्वजत्रूच्या विकारांपासूनच सुरू होतो, म्हणजे हेमाद्रीस या शब्दापाशीं थांबणें भागच होतें. अरुणदत्त व हेमाद्रि या दोघांच्या टीकांसह हें हृदय निर्णयसागरानें १९३९ मध्यें छापलें, तें अभ्यासकांस उपलब्ध आहे. मात्र वाग्भटानें आठ अंगें सांगतांना शालाक्यास ‘ऊर्ध्वांग’ असें सुबोध नांव दिलें आहे. जत्रु शब्दाची संदिग्धता त्यासही जाणवली असावी, असा आमचा तर्क आहे.

आतां आजच्या परिभाषेविषयीं दोन शब्द. मराठी शास्त्रीय पुस्तकांत हांसळीच्या हाडास ‘जत्रुक’ म्हणतात. आयुर्वेदमहाविद्यालयांत तोच विद्यार्थी त्याच हाडास ‘अक्षकास्थि’ म्हणावयास शिकतो, आणि त्याच वेळीं ‘ऊर्ध्वजत्रु’ म्हणजे मानेपासून वरचा भाग हेंही पाठ करतो. एकाच मुलाच्या डोक्यांत तीन संज्ञा, आणि त्यांपैकीं दोन परस्परांस छेद देणाऱ्या! नवी परिभाषा करणारांनीं जुना शब्द घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. घ्यावा, पण जुन्या ग्रंथांत तो ज्या वस्तूस लागलेला आहे ती वस्तु पाहून घ्यावा. चरक व सुश्रुत या दोघांनीं एकमतानें दिलेलें ‘अक्षक’ हातांशीं असतां अमरकोशांतून वादग्रस्त शब्द काढून त्यास ‘क’ प्रत्यय लावण्याचें कारण नव्हतें. घरगुती ‘हांसळी’ तर त्याहूनही जवळ होती. जत्रुक हा शब्द आतां रूढ झाला आहे, तो मोडण्याचा आमचा आग्रह नाहीं. परंतु जत्रुक शिकलेला तरुण उद्यां चरकाची पोथी वाचावयास बसेल, तेव्हां ‘जत्रु एक’ हें वाचून लेखकाचा प्रमाद समजेल आणि पेन्सिलीनें समासांत ‘दोन’ लिहील. हा धोका खरा आहे.

कारण पोथ्यांतून असें घडणें मुळींच अवघड नाहीं. पाठकानें हरताळ लावून अक्षर पुसावें आणि वर आपल्या समजुतीचें अक्षर घालावें, ही जुनी रीत आहे. ‘जत्रु’ शब्द लेखकास कळला नाहीं तर त्याचा ‘जंतु’ किंवा ‘शत्रु’ होईल, आणि तो प्रमाद चटकन् ओळखतां येईल. पण कळला असें वाटून जो संख्या बदलतो त्याचा प्रमाद ओळखूं येत नाहीं, कारण त्याचा पाठ वाचावयास सरळ वाटतो. म्हणून संग्राहकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, चरकाची, याज्ञवल्क्याची किंवा विष्णुस्मृतीची पोथी हातीं आली तर शारीरप्रकरणांतील या ठिकाणची संख्या, एक कीं दोन कीं एकेक, आणि तेथें हरताळ आहे कीं नाहीं, इतकें सूचीपत्रांत टिपून ठेवावें. भेलसंहिता आपणांस तंजावरच्या सरस्वतीमहालांतील एका पोथीमुळें मिळाली आणि १९२१ मध्यें कलकत्त्यास छापली गेली; मराठ्यांच्या त्या ग्रंथालयानें ती राखली नसती तर होर्नले यांच्या तुलनेंतला एक रकाना कोराच राहिला असता. माधवनिदानाच्या वैद्यांच्या हातच्या पोथ्यांत तर याहूनही मोलाची गोष्ट सांपडण्याचा संभव आहे. या पोथ्या शिकण्याशिकविण्याच्या. त्यांच्या ओळींवर व समासांत मराठी प्रतिशब्द लिहिलेले असतात. उचकीच्या प्रकरणांत जत्रुमूल या शब्दाच्या डोक्यावर त्या वैद्यानें ‘हांसळी’ लिहिलें आहे, ‘नरडें’ लिहिलें आहे, कीं ‘गळ्याचें मूळ’ लिहिलें आहे, हें पाहिलें पाहिजे. रोग्याच्या गळ्यावर बोट ठेवणाऱ्या माणसानें लिहिलेला तो एक शब्द आमच्या मतें या प्रश्नांत मिताक्षरेहून अधिक वजनाचा ठरेल.